कुबडीचे काळे ठिपके

आत्याचा पाय गेला तेव्हा सगळे रडले, ती सोडून. ती एवढंच म्हणाली, "कात्री हाताने चालते. पायाचं काय घेऊन बसलात?"

पण शिलाई कारखान्यातलं तिचं कटिंगचं टेबल तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही आणि जिन्याला ती गुळगुळीत फरशी! मालकांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, एक तारखेला स्वतःच्या पायांनी वर या, टेबल तुमचं. नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल." पायांनी म्हणाले आणि जीभ चावली. आत्याच हसली. "एका पायाने आले तर चालेल ना?"

शिवणाऱ्या पोरी म्हणाल्या, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. "मी काय कपाट आहे?" झालं, विषय बंद.

जिन्यावर सराव करायला म्हणून गेली, तर कुबडीनेच दगा दिला. टोकाचं दुकानातलं रबर दिसायला झकास, पण फरशीवर असं सटकलं की आत्या पहिल्याच वळणावर आदळली. कोपर टम्म सुजलं. तशीच उठली, रबर उपटलं आणि तडक भावाच्या पंक्चरच्या दुकानात!

"धाकट्या, टायर काप."

"ताई, घरीच काप ना कपडे. मी टेबल करून देतो."

"तू घरी बसून पंक्चर काढतोस का?"

धाकट्याने सुरी उचलली. त्याने ट्रकच्या टायरचा तुकडा बसवला. दगडासारखा कडक, टकटक वाजला आणि पुन्हा घसरला. मग सायकलची ट्यूब गुंडाळली. तिने जमीन घट्ट धरली, पण जरा चाललं की चिंध्या. धाकटा वैतागला, "नाही होत गं!"

आत्या दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बघत राहिली आणि एकदम ओरडली, "अरे, कॉलर! कॉलरच्या आत कडक बक्रम असतं, वर मऊ कापड. तसंच कर की!"

आत टायर, वर ट्रकची जाड ट्यूब. कानशीने घासलं, पंक्चरचं सोल्युशन फासलं, वर जॅक ठेवून दाबलं.

एक तारीख. एका हातात कठडा, दुसऱ्या काखेत कुबडी. जिथे पडली होती तिथे आत्या थांबली. मग कुबडी अशी दाणकन रोवली, जणू फरशीशी जुनं वैर आहे! रबर तसूभर हललं नाही. चढली बाई. घामाघूम, पण चढली.

वर पोरी टाळ्या वाजवतायत तोवर खालून झाडूवाल्या मावशींचा आवाज, "आत्ता पुसला होता जिना! हे काळे ठिपके कोणी पाडले?"

"मी!" आत्या कठड्यावरून वाकून ओरडली. "आणि मावशी, उद्याही पाडणार!"

मालक दारातच उभे होते. ते काही बोलायच्या आत ती टेबलापाशी पोचली, कुबडी टेकवली आणि हात पुढे केला.

"कात्री द्या."

मालकांनी आत येऊन कात्री तिच्या हातात ठेवली.