उल्काचं माप

उल्का जरा जास्तच करते, असं नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावातल्या मराठी मित्रमंडळींचं मत आहे. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. उल्का माझी बायको. आठवडाभर कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या मशीनचे सुटे भाग मोजते आणि रविवारी नेमबाजीच्या क्लबमध्ये ठासणीच्या बंदुकीनं कागदावर नेम धरते.

क्लबातला हेंक अमेरिकेला निघाला होता, एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीला. त्याचा हिशोब सोपा: जनावर मोठं, म्हणून बंदुकीत ठासायची दारू जास्त. बंदुकीच्या कंपनीनं घातलेली मर्यादा ओलांडून तो दारू ओतायला लागला, तेव्हा उल्कानं त्याचा हात धरला.

"नळी फुटली तर तोंड जाईल तुझं!"

मग तिनं मापानं दारू कमी करत नेली, तशी त्याची विखुरलेली भोकं कागदावर जवळजवळ यायला लागली.

"एवढाच बार भरायचा. जवळून तो पुरतो. लांबून उडवायचाच नाही."

हेंक हसला. "लांब दिसलं म्हणून सोडून देऊ? लागेल की कुठेतरी!"

उल्का भर क्लबात त्याच्यावर कडाडली.

दिवाळीच्या जेवणात हा किस्सा निघाला. आमचा मित्र धवल, जन्माचा शाकाहारी, पुरी मोडत म्हणाला, "वहिनी, मरणारच होतं ना ते जनावर? मग एवढं काय?"

उल्कानं ताट बाजूला सारलं.

"नेम चुकला तर हेंक दुसरा बार भरेल, धवल. फुटलेला जबडा घेऊन त्या जनावरानं चरायचं कसं?"