पुन्हाबाईंचा शेवटचा तास

कॉलेजातल्या समुपदेशक बाईंना पोरं पुन्हाबाई म्हणत, तेही तोंडावर. वर्गात, हॉस्टेलात वंशावरून, रंगावरून ठिणगी पडली की ती विझवायला त्यांच्याच वयाचं कुणी हवं, म्हाताऱ्यांचं कोण ऐकतंय! म्हणून बावीस वर्षं त्या दरवर्षी पंधरा गटप्रमुख तयार करत. नियम एकच. समोरचा काय म्हणाला ते आधी त्यालाच म्हणून दाखवायचं. तो ‘हो, अस्संच’ म्हणेपर्यंत आपलं घोडं पुढे दामटायचं नाही. चुकलं की बाई म्हणायच्या, “पुन्हा.” सोपं वाटतं? घरी नवऱ्याबरोबर करून बघा.

यंदा सगळ्यांत तयारीची होती ती उंच मुलगी. पंधरा जणांत काळी ती एकटीच. बाईंचा तिच्यावर भारी जीव. आणि यंदाच्या शिकवणीच्या शेवटच्या तासाला नेमकी तीच उठली.

“बाई, मी गट सोडतेय.”

“अगं, का?”

“चार महिने ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून मलाच उभं करताय. बाकीचे शिकतात, मी नमुना. मला एकदा तरी गट चालवायला दिलात?”

चौदा जण टक लावून बघत होते.

“तू दमलीस,” त्या म्हणाल्या, “पण माझा हेतू…”

“नाही बाई. पुन्हा.”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“तुला वाईट वाटलं, कारण मी कौतुकाने…”

“पुन्हा.”

खोटं कशाला सांगू, आपण असतो तर पोरीला दार दाखवलं असतं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

“यांना मी गटप्रमुख केलं आणि तुला धडा केलं. तुझ्या दुखण्यावर यांना शिकवलं.”

“हो. अस्संच.”

बाई आपल्या खुर्चीतून उठल्या. “बस इथे. आजचा गट तू चालव.”

मुलगी क्षणभर दाराकडे बघत राहिली, मग येऊन बसली.

“तुमच्यापासूनच सुरू करू बाई. रंगावरून तुम्ही कुणाला दुखावलंय?”

हा प्रश्न बाईंना आजवर कुणी विचारला नव्हता.

“माझ्या धाकट्या जावेला,” त्या म्हणाल्या. “तिचं बाळ पहिल्यांदा हातात घेतलं आणि बोलून गेले, आईवर गेलं गं, बापावर जायला हवं होतं.”

“मग?”

“ती मुलगी आता तुझ्याएवढी आहे. माझ्या घराची पायरी चढत नाही.”