खालची फूट

वडिलांची आंब्याच्या कलमांची बाग होती आणि मी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर मालाच्या याद्या करायचे. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. दुपारच्या सुट्टीत मी त्याच कॉम्प्युटरवर एक नसता उद्योग मांडला होता: मेंदूच्या पेशी एकमेकींना कशा शोधतात, त्याचा प्रोग्राम. ठिपके म्हणजे पेशी. त्यांना फांद्या फुटायच्या, दोन फांद्या भिडल्या की जोड व्हायचा. वापरातला जोड जाड होई, बिनवापराचा पुसला जाई.

वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "यात नवीन ते काय? कलमाच्या जोडाखाली रायवळ झाडाची फूट येते, ती आम्ही खुडतोच. नाही खुडली, तर कलम मरतं आणि खालचं झाड तेवढं जगतं." मला असा राग आला! माझी महिनाभराची मेहनत त्यांनी एका वाक्यात बागेत नेऊन लावली.

एकदा गंमत म्हणून मी मधल्या पेशी मारून टाकल्या. पडदा मध्ये काळा झाला. मग त्या काळ्यातून हिरव्या रेघा उमटू लागल्या, मी कधीच्याच पुसलेल्या. चूक माझीच होती. बिनवापराचे जोड मी नुसते दाखवायचे बंद केले होते, आतून काढलेच नव्हते; मधली वाट तुटल्यावर ते पुन्हा वापरात आले.

त्याच वर्षी वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. दोन महिने वाचा बंद. मग एका दुपारी माझ्याकडे बघून म्हणाले, "आये, दार उघड ना गो."

ही त्यांच्या आईची, मंडणगडकडची बोली. आई वारली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. रत्नागिरीत आपल्या काकांकडे आले आणि 'ळ'चा 'ल' करतो म्हणून पोरांनी चिडवून चिडवून ती बोली बंद पाडली. हे मला नंतर त्या काकांच्या घरून कळलं; आम्ही ती घरात कधी ऐकलीच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, चुकले की सुधारत राहा. "मी तुमची मुलगी," असं म्हटलं की ते दिवसभर गप्प होत. तरी मी खुडत राहिले. मला माझे वडील परत हवे होते.

एके दिवशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "आये, मूल जगलं काय गो?"

त्या बोलीत 'मूळ'ही 'मूल'च. कलमाचं मूळ विचारत होते, की मूल, म्हणजे मी? उलट विचारलं असतं तर पुन्हा गप्प झाले असते.

"जगलं रे, बाला," मी म्हटलं.

मी 'बाळा' म्हणणार होते. तो 'ल' मला कुणीही शिकवला नव्हता.