फ्रीजताईची कुपी

कारखान्यात तिला सगळे फ्रीजताई म्हणत, आणि तिनंही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. बाहेर अंगाची लाही होत असताना ही बया स्वेटर, कानटोपी आणि जाड मोजे चढवून शीतखोलीत शिरायची. काचेच्या उभ्या नळीतून थेंबथेंब पाझरणाऱ्या रसावर नजर ठेवायची, हेच तिचं काम. रस कसला, तर माणसाच्या पोटात तेल-चरबी पचवणारा. माणसाच्या पोटातून काढलेला नव्हे. माणसाचा जीन यीस्टच्या पेशींत घालून त्यांच्याकडून करवून घेतलेला. "राबतं यीस्ट, गारठते मी, आणि नाव माणसाचं," असं ती म्हणायची. मग तो रस चिमुकल्या कुप्यांत भरून दूरदूरच्या प्रयोगशाळांत जायचा. तिथं त्याच्यावर काय काय प्रयोग चालतात, हे विचारायचं तिच्यातलं त्राण कधीच संपलं होतं.

घरी धाकट्या भावाच्या पोटात नेमका हाच रस आटला होता. ट्रक चालवणारा धिप्पाड गडी, पण स्वादुपिंडाच्या दुखण्यानं त्याचं पार चिपाड झालं. डॉक्टरांनी प्रत्येक जेवणाबरोबर घ्यायला कॅप्सूल दिल्या होत्या. त्यानं अंगी लागत होतं, पण मुंगीच्या पावलानं, आणि आईला धीर नव्हता. एकदा लेकीचा स्वेटर धुताना तिला खिशात कुपीचं वाया गेलेलं लेबल सापडलं. त्यावरचं 'मानवी' तेवढं तिनं वाचलं. खालचं 'फक्त संशोधनासाठी' तिला दिसलं नाही, किंवा दिसूनही दिसलं नाही.

"कॅप्सूल जनावराच्या रसाची, हो ना? आणि तू करतेस तो माणसाचा. मग माझं लेकरू काय जनावर आहे?"

"आई, ते पोटात घ्यायचं नसतंच गं. पोटातल्या आम्लात ते टिकायचं नाही. कॅप्सूलला वरून कवच असतं, म्हणून ती तग धरते. शिवाय आमचं औषध म्हणून तपासलेलंही नसतं. आणि कुपीत असतं तरी किती? नखभरसुद्धा नाही."

"मला नखभरच पुरे."

मग हे रोजचंच झालं. ही थकून भागून दारात चप्पल काढते न काढते, तोच आईचं सुरू. जगासाठी करतेस, पाठच्या भावासाठी हात आखडतो का गं तुझा? थोरली आधी समजावायची, मग चिडायची, मग नुसती ऐकायची. शेवटी एका संध्याकाळी ती इतकी विटली, की तिनं कारखान्यातली एक कोरी कुपी धुतली, उकळून गार केलेलं पाणी तिच्यात भरलं आणि आईच्या हातावर ठेवली.

"घे. थेंबथेंब घाल त्याच्या जेवणात."

पाण्यानं कुणाचं काय वाकडं होणार, असा तिचा हिशेब. घरात कधी नव्हे ती शांतता झाली. आईनं कुपी देवासारखी जपली. भाऊही आईच्या तोंडाकडे बघत चार घास जास्त जेवू लागला. थोरलीला चक्क झोप लागायला लागली, आणि त्याची तिला लाजही वाटायची.

पण भाऊ पुन्हा खंगायला लागला. पोटात मुरडा, खाल्लेलं तसंच बाहेर. एका सुट्टीच्या दुपारी तो भिंतीला धरून न्हाणीघरातून येताना थोरलीला दिसला.

"कॅप्सूल घेतोस ना वेळेवर?"

"कॅप्सूल? त्या आईनं केव्हाच बंद केल्या, ताई. म्हणाली, आता ताईचं औषध सुरू आहे ना."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आपलं खोटं कुणी इतकं खरं मानेल, हे तिनं धरलंच नव्हतं. तिनं फडताळ उपसून कॅप्सूल शोधल्या, त्याला जेवायला वाढलं, पहिल्या घासाबरोबर एक घ्यायला लावली, आणि मग आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, त्या कुपीत पाणी होतं. साधं उकळलेलं पाणी. मी खोटं बोलले."

आता आई रडेल, तळतळाट देईल, कदाचित हातही उगारेल. काहीही झालं तरी निदान हे प्रकरण एकदाचं मिटेल, असं तिला वाटत होतं. पण आईचा चेहरा हळूहळू उजळला.

"अगं बाई! म्हणजे खरं अजून दिलंच नाही आपण त्याला," ती म्हणाली. "म्हणून गुण आला नाही. बरं झालं सांगितलंस. उद्या खरं आण."