दादाच्या नावाचे सात डबे

हॉस्पिटलात आमच्या खिडक्या शेजारी शेजारी आहेत. माझ्या खिडकीत रक्त काढतात, माझ्या शेजारणीच्या खिडकीत तपासणीसाठी शौचाचे डबे घेतात. रक्ताला लोक मान देतात. सुई टोचून घेतात, दंडावर कापूस दाबत ऐटीत बाहेर पडतात आणि घरी जाऊन चार जणांना सांगतात. डब्याचं तसं नाही. डबा काळ्या पिशवीत, पिशवीवर वर्तमानपत्र, त्यावर रबरबँड, अशा बंदोबस्तात येतो. आणणारा तो खिडकीवर टेकवतो आणि तिच्याकडे न बघता चालू लागतो, जणू त्यातला ऐवज तिचाच आहे.

सगळे तिला चिमटा म्हणतात. हातात मोजे असले तरी ती पिशवी चिमट्यानेच उघडते, म्हणून. तिला हे ठाऊक आहे. "म्हणू देत," ती मला म्हणाली होती, "एक दिवस माझ्या जागी बसले तर सांडशी मागतील."

बाहेरच्यांना वाटतं, सवय होत असेल. अकरा वर्षं झाली, तिला झाली नाही. पहिल्या आठवड्यात ती रोज ओकायची. आता ओकत नाही, इतकाच फरक. सकाळी नाकाखाली बाम चोळते, वर दोन मास्क चढवते, हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात हात घालते आणि डब्याचं झाकण फिरवते. झाकणालाच एक चमचा चिकटवलेला असतो. त्याने चिमूटभर काढायचं, वजन करायचं, नळीत घालून द्रावणात घोटायचं आणि गोठवून टाकायचं. असे दिवसाला वीस-पंचवीस. दुपारी तीनपर्यंत ती कोरड्या बिस्किटांशिवाय काही खात नाही. एकदा माझ्या वाढदिवसाला मी चॉकलेटचा केक आणला. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ जिना उतरून खाली गेली. मला फार वाईट वाटलं, पण त्या रंगाचं काहीही तिच्या पोटात जात नाही.

घाणीचं काम तिच्या वाट्याला लहानपणापासूनच आलं. वडील दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते. त्यांचं भांडं ती उचलायची. मोठा भाऊ, तिचा दादा, दाराशी नाकाला रुमाल लावून उभा राहायचा आणि "झालं की सांग" म्हणायचा. पुढे तिने लग्न केलं नाही. एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. ती शाळा बंद पडली, तेव्हा ती इथे आली.

आमच्या हृदयविभागाच्या डॉक्टर मॅडमनी दोन वर्षांपूर्वी एक अभ्यास सुरू केला. हृदयाचा झटका येऊन गेलेली दोनशे माणसं निवडली. प्रत्येकाने दर महिन्याला माझ्याकडे रक्त द्यायचं आणि चिमट्याकडे डबा. हे कशासाठी, ते मॅडमनी आम्हा दोघींना बसवून समजावलं.

"आपल्या आतड्यात कोट्यवधी बॅक्टेरिया राहतात," त्या म्हणाल्या. "आपण मांस, अंडी खाल्ली की त्यांच्यातले काही जण त्यातून एक वायू तयार करतात. त्याला सडक्या माशासारखा वास असतो. तो यकृतात पोचला की त्याचा दुसरा पदार्थ बनतो. ज्यांच्या रक्तात हा पदार्थ जास्त, त्यांच्यात हृदयाचे आजार जास्त दिसतात. तो खरंच रक्तवाहिन्या खराब करतो की नुसता सोबत दिसतो, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. म्हणून तर डबे हवेत."

चिमटा म्हणाली, "म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या आत मासळीबाजार भरलेला आहे, आणि आपण अत्तर लावून फिरतो."

त्याच सुमारास दादाला झटका आला. दादा जुन्या गाड्यांची दलाली करतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा आणि सिगारेटचं पाकीट, बोलण्यात गोडवा. मॅडमनी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला आणि त्याला अभ्यासात घेतलं. त्याचा क्रमांक एकशे चौदा. पहिला डबा वॉर्डातल्या नर्सनेच भरून पाठवला. पुढचे घरून यायचे. दर महिन्याला दादा आणि वहिनी बरोबर यायचे. दादा माझ्या खिडकीत बाही सरसावून बसायचा, विनोद करायचा. वहिनी पदराआड पिशवी धरून नणंदेच्या खिडकीत उभी राहायची. स्वतःच्या बहिणीच्या हातात डबा कसा द्यायचा, म्हणून दादा लाजत असेल, असं मला वाटायचं.

सात महिने गेले. एका सकाळी मॅडम हातात कागद घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. एकशे चौदाच्या पहिल्या डब्यात ते वायू करणारे बॅक्टेरिया भरपूर होते. पुढच्या सातही डब्यांत जवळपास नाहीत. आणि तरीही रक्तातला तो पदार्थ पहिल्या दिवसाइतकाच. "मग तो तयार कुठे होतोय?" मॅडम म्हणाल्या. "हे नवीन आहे." त्या पुढच्या महिन्यात एका परिषदेत यावर बोलणार होत्या. रंगीत तक्तासुद्धा तयार होता. दादाला तर त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, की तुमचं आतडं छान सुधारतंय.

मॅडम गेल्यावर चिमट्याने तो कागद पुन्हा पाहिला. 

"पहिला डबा आणि हे सात, एका माणसाचे नाहीत," ती म्हणाली.

"जेवण बदललं असेल," मी म्हटलं.

"जेवण बदललं की थोडं इकडेतिकडे होतं. सगळी वस्तीच उठून जात नाही. हे बघ, हे सात एकमेकांशी जुळतात. पहिल्याशी काही जुळत नाही." मग तिने कागद पालथा ठेवला. "आणि मी ते उघडलेत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मांस खाणाऱ्याचा डबा झाकण फिरवताच सांगतो."

रविवारी सकाळी ती न कळवता दादाच्या घरी गेली. तिथे काय झालं, ते तिने मला सोमवारी सांगितलं. सांगताना दोनदा उठून तोंड धुऊन आली.

दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर तळलेल्या मांसाची परात, बाजूला चोखलेल्या हाडांचा ढीग. बोटांवरून ओघळणारं तेल तो मनगटापर्यंत चाटत होता. वहिनी ओट्याशी उभी होती.

"वहिनी, डबे कोण भरतं?" तिने सरळ विचारलं.

वहिनीने हात पुसले. दादाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ह्यांना जमत नाही ते."

"केव्हापासून?"

"हॉस्पिटलातला सोडला तर सगळेच माझे."

दादाने हाड ताटात टाकलं. "अगं, त्यात एवढं काय? घाण ती घाण. माझी काय नि हिची काय. एका घरात जेवतो आम्ही."

"एका घरात जेवता, एकच गोष्ट जेवत नाही. वहिनी मांस तोंडातही घालत नाही."

"मला किळस येते त्याची. चमचा घ्यायचा, काढायचं, छे. तुला माहितेय माझं, लहानपणापासून."

"मलाही येते, दादा."

"तुझं कामच आहे ते. पगार मिळतो तुला."

"आणि वहिनीला काय मिळतं?"

त्यावर दादा हसला आणि परात पुढे सरकवून म्हणाला, "बस, दोन तुकडे खा. मॅडम म्हणाल्यात, माझं आतडं सुधारलंय."

"हजारो डबे उघडलेत मी," चिमटा मला म्हणाली, "पण इतकी किळस कधी आली नव्हती."

ती निघाली तेव्हा वहिनी तिच्यामागे जिन्यापर्यंत आली. हळू आवाजात तिने एक गोष्ट सांगितली. चौथ्या महिन्यात तिचं पोट साफ होत नव्हतं. डबा नऊच्या आत पोचायला हवा होता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बाथरूमच्या दारावर थापा मारत होता, "झालं का, झालं का, गाडी बाहेर काढलीय मी." आत ती रडत बसली होती. शेवटी तिने एनिमा घेतला आणि मग डबा भरला.

चिमट्याने मॅडमना सगळं सांगितलं. मी तिथेच होते.  मॅडमनी तो रंगीत तक्ता फाडून त्याचे तुकडे केले. "सात महिने मी या बाईंच्या पोटावर भाषण तयार करत होते," त्या म्हणाल्या, "आणि या गृहस्थांना खायला परवानगी देत होते."

दादाला तपासणीला बोलावलं. आणखी एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. दुसरा स्टेंट बसला. मांसाने झालं, सिगारेटने, की वयाने, ते कुणी ठामपणे सांगितलं नाही. त्याला अभ्यासातून काढलं. वॉर्डात चिमटा भेटायला गेली तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "सख्ख्या भावाची चहाडी केलीस," एवढंच म्हणाला. तेव्हा त्याच्या पलंगाखालचं भांडं वहिनी उचलून नेत होती. चिमट्याने ते तिच्या हातातून घेतलं, दादाच्या हाताशी पलंगावर टेकवलं आणि वहिनीला चहा प्यायला खाली घेऊन गेली. वर दादा नर्सला हाका मारत राहिला. नर्स दुसऱ्या पेशंटकडे होती. वीस मिनिटं तो आणि ते भांडं, दोघंच होते. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

महिन्याभराने वहिनी एकटीच आली. मॅडमना तुलनेसाठी निरोगी माणसंही हवी होती, हे तिला कुठून तरी कळलं होतं.

"मला माझ्या नावावर देता येईल का?" तिने खिडकीत विचारलं.

चिमटा खिडकीत पुढे वाकली. "कशाला पुन्हा त्या भानगडीत पडताय, वहिनी?"

"सात महिने दिलं, त्यावर माझं नाव नव्हतं. मॅडम माझ्या पोटाला चांगलं म्हणाल्या, तेही त्यांनी ह्यांनाच सांगितलं." मग म्हणाली, "माझंही काय आहे ते मला कळू दे."

तिला नवा क्रमांक मिळाला. कागदावर सही तिची, दंडातलं रक्त तिचं. मी सुई टोचली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. पुढच्या आठवड्यात डबा घेऊन आली तेव्हा पिशवीवर वर्तमानपत्र नव्हतं.

"एक सांगू, वहिनी?" चिमटा म्हणाली. "तुमच्या डब्याचीही मला किळसच येते."

"येणारच. मलाही येते," वहिनी म्हणाली, आणि दोघी हसू दाबत उभ्या राहिल्या. मग चिमट्याने नाकाखाली बाम चोळला, मास्क चढवले आणि आत गेली.

दादा आता बरा आहे. गोळ्या घेतो, गाड्या विकतो, मांसही खातो, फक्त बहिणीची चाहूल लागली की परात झाकतो. चिमटा महिन्यातून एकदा त्या घरी जाते. स्वयंपाकघरात वहिनीशी बोलते, दादाची चौकशी करते. पण त्याच्या टेबलाशी बसून ती पाण्याचा घोटही घेत नाही.