नवीन तेवढंच बघ

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. "मावशी, आई सकाळी गेली," तिचा मुलगा निनाद एवढंच म्हणाला. आजार माहीत होता, तरी... आता महिना उलटला. रडूनही झालं. पण माझ्या या मैत्रिणीबद्दल लिहायला बसले, की आधी अभिमानच दाटून येतो.

सुलभा नाशिकच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. चाळिशी उलटल्यावर तिने संशोधन हाती घेतलं. पुष्कळ गोष्टींतून एखादी शोधताना आपलं लक्ष नव्याने आलेल्या गोष्टी आधी कसं निवडतं, हा तिचा विषय. संगणकाच्या पडद्यावर आधी काही अक्षरं यायची, क्षणभराने त्यांत आणखी काही मिसळायची आणि त्यांतून एक ठरलेलं अक्षर शोधायचं. ते नव्यांत असणार हे ठाऊक असलं, की माणसं जुन्यांकडे जवळजवळ बघतच नसत. स्टाफरूममध्ये चेष्टा व्हायची, "नवीन चटकन दिसतं, हे सांगायला पीएच.डी. कशाला?" ती शांतपणे म्हणायची, "नवीन दिसतं हे सगळ्यांनाच कळतं. जुनं बाजूला कसं पडतं, ते मला बघायचंय."

एका नवरात्रात माझ्या आईला घेऊन आम्ही दोघी वणीच्या गडावर गेलो. आईला तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. कधीकधी स्वतःचं नावही आठवायचं नाही. दर्शन झालं, प्रसाद घ्यायला मी तिचा हात सोडला आणि वळून बघते तर आई नाही. अंगावर हिरवी साडी, आणि त्या दिवशी अर्धा गड हिरव्या साड्यांनी भरलेला. मी दुकानांमधून पळत सुटले, दिसेल त्या बाईचा खांदा धरून तोंड बघत. "लय गर्दी हाय ताई, अशी नाय सापडायची," एक फुलवाला कळवळून म्हणाला. कर्ण्यावरून नाव पुकारलं, पण आई ओ देईल याची खात्री कोण देणार...

सुलभाने माझा दंड धरला आणि मला बसच्या रांगांपाशी आणलं. परतणारा प्रत्येक माणूस तिथे येणारच होता.

"पळू नकोस. पळालीस की डोळ्यांना सगळंच नवीन होतं. इथे उभी राहा. आधी या रांगा नीट बघून घे. बघितलेल्या बायका सोडून दे. नवीन कोण येतंय, तेवढंच बघ."

मी उभी राहिले. एकेका रांगेवरून नजर फिरवली. हळूहळू रांगांमधलं ते हिरवं जणू मागे सरलं, आणि मग दोन दुकानांच्या फटीतून एक हिरवा पदर पुढे आला. मी ओरडलेही नाही, नुसती धावले.

"किती वेळ लावलास गं," आई म्हणाली.

सुलभा हसत होती आणि डोळे पुसत होती. "पडद्याबाहेरही चालतं तर," ती म्हणाली.

पुढे तिच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारलंच, याचा उपयोग काय? तिने पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या आईकडे बोट दाखवलं आणि गडावरची हकिगत सांगितली. आईला त्यातलं काही आठवत नव्हतं, पण सगळ्यांत जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या.

परवा कॉलेजात गेले. सुलभाची प्रयोगाची खोली चालू आहे. खिडक्यांना तिनेच चिकटवलेला काळा कागद अजून आहे. तिच्या एका विद्यार्थिनीने मला खुर्चीत बसवलं. "काकू, नजर मध्यावर ठेवा." अक्षरं आली, मग आणखी आली, आणि मला कळायच्या आत बोटाने कळ दाबली होती.

"बरोबर," मुलगी म्हणाली. अगदी सुलभासारखं, मान किंचित तिरकी करून.