भिका तायडेंचा आठ नॉचचा डबा

एकतीस वर्षं मी एस.टी.च्या तपासणी पथकात काढली. धुळे-शिरपूर रस्त्यावर गाडी अडवायची, आत चढायचं आणि झोपलेला प्रवासी खरंच झोपलाय की तिकीट नाही म्हणून झोपलाय, हे त्याच्या पापण्यांवरून ओळखायचं. संशय घेण्याचाच मला पगार होता. पगार थांबला, सवय थांबली नाही. त्यामुळे जळगावहून माझ्या थोरल्या बहिणीचा, द्रौपदाअक्काचा फोन आला, तेव्हा काळजी वाटायच्या आधी मला हुरूप आला, हे कबूल करतो.

"तोताराम, तू ये बरं एकदाव," अक्का म्हणाली. "तुना दाजी बठ्ठा दिन दार लाई बसतस. खोली झाडाले गऊ तरी वसकतस. काहीतरी दपाडी ऱ्हायनात."

दाजी म्हणजे भिका तायडे. भुसावळला मालगाडीचे ड्रायव्हर होते. हल्ली त्यांना लोको पायलट म्हणायचं म्हणे, पण ते स्वतः ड्रायव्हरच म्हणतात. चौतीस वर्षांत एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही, हे ते लग्नात, जेवणावळीत, एकदा तर मयतीतसुद्धा सांगताना मी ऐकलंय. असा माणूस काही लपवतोय म्हणजे पाणी नक्की कुठंतरी मुरत होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळची जळगाव गाडी धरली.

दाजींचं घर मेहरूणमध्ये, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. फाटकातून आत शिरलो आणि पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती त्यांची स्कूटर. रविवारी आंघोळीआधी ते स्कूटरला आंघोळ घालायचे. आता तिच्यावर मेणकापड, मेणकापडावर कावळ्यांची शिट, आणि पुढचं चाक पार बसलेलं.

"दोन महिना व्हयनात," अक्का म्हणाली. "बाजारले रिक्षा, दवाखान्याले रिक्षा. पेट्रोल महाग शे म्हणतस."

रिक्षा काय फुकट नेते? मी मनातल्या मनात पहिली खूण केली.

दाजींचा उद्योग इथे सांगितला पाहिजे. खेळण्यातली नव्हे, हुबेहूब खऱ्यासारखी छोटी रेल्वे घरात मांडणारे शौकीन लोक असतात. ती गाडी चालवायला त्यांच्याकडे एक गोल बटण असतं, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. निवृत्त झाल्यावर दाजींनी ते कुणाकडे तरी पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. "गाडी काय पंखा आहे?" असं म्हणून त्यांनी हातात मावेल असा सागवानी डबा बनवला. त्याला पितळी दांडा, दांड्याला आठ नॉच, म्हणजे आठ खाचा. एकेक नॉच खट् खट् करत पुढे न्यायचा, गाडी खऱ्या मालगाडीसारखी कुरकुरत हलणार. बाजूला ब्रेकची दांडी, अंगठ्याखाली भोंगा. शिवाय एक बटण, जे मिनिटभरात दाबलं नाही तर डबा कोकलतो आणि गाडी आपोआप थांबते. ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून खऱ्या इंजिनातही असंच असतं. आणि माथ्यावर दोन दिवे, लाल आणि हिरवा. पुण्या-नाशिकचे शौकीन त्या डब्यासाठी सहा-सहा महिने थांबायचे.

मागच्या खोलीचं दार ठोकलं.

"कोण?"

"तोताराम."

आतून काहीतरी गोळा केल्याचा, खण लोटल्याचा आवाज आला. मग कडी निघाली. दाजींनी माझ्याकडे पाहिलं ते बिनतिकिटाचा प्रवासी चेकरकडे पाहतो तसं. ती नजर मी हजारदा पाहिलीय. मी खूश झालो.

"तिनं बोलावलं ना तुला?" ते म्हणाले. "विचार तिलाच. माझ्या दिव्यांच्या पुड्या कोण मिसळतं ते विचार."

टेबलावर एक डबा उघडा पडला होता, शेजारी फाटलेलं पार्सलचं खोकं. नाशिकच्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती: काम सुंदर आहे, पण दिवे उलटे आहेत. थांब म्हटलं की हिरवा लागतो, चल म्हटलं की लाल.

"हे तिसरं पार्सल परत आलं," दाजी आवाज चढवून म्हणाले. "मी नीट बसवतो, आणि मागून कुणीतरी हात लावतं. नाहीतर तो कुरिअरवाला. माझं नाव खराब करायचंय कुणालातरी."

दाराशी अक्का उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईवर पुड्या मिसळल्याचा आळ! मला दाजींचा असा राग आला की सांगता सोय नाही.

मी खण ओढला. आत दिव्यांच्या कागदी पुड्या होत्या. हे बारके दिवे विझलेले असताना सगळे सारखेच, काचेसारखे पांढरे; पेटल्यावरच रंग कळतो. पण प्रत्येक पुडीला दोरा बांधलेला होता. एका पुडीच्या दोऱ्याला एक गाठ, दुसरीच्या दोऱ्याला दोन. वायरींनाही तशाच गाठी. वायर तर उघड लाल आणि उघड हिरवी होती. डोळ्यांना दिसणाऱ्या वायरीला गाठ कोण मारतं?

एकदम उजेड पडला. ज्याला रंगच ओळखू येत नाही, तो. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं तर.

मी तोंड मिटून घेतलं. चेकर कधी सरळ विचारत नाही, तो माणसाला बोलता करतो. "दाजी," मी म्हणालो, "गाडी चालवून दाखवा ना. धुळ्याहून आलोय."

फळीवर रुळांचा गोल मांडलेला होता. त्याच्या कडेला बोटभर उंचीचा सिग्नलचा खांब, आणि खांबाचे दिवे बदलायचा खटका माझ्या हाताशी. दाजींनी दुसरा चांगला डबा उचलला आणि डबा हातात येताच त्यांची पाठ ताठ झाली.

"तू असिस्टंट हो," ते म्हणाले. "इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की दोघांनी हात करून मोठ्याने पुकारायचं. एकाने म्हणायचं हिरवा, दुसऱ्याने बघून म्हणायचं हिरवा. मग गाडी."

खट्. खट्. गाडी निघाली. फळीचं वळण घेऊन सिग्नलकडे आली. मी खटका लालवर केला, हात उंचावला आणि खणखणीत आवाजात खोटं बोललो: "हिरवा!"

आता सापडतो, असं मला वाटलं. हे हिरवा म्हणणार, गाडी लालवरून दामटणार, आणि मग मी विचारणार, की दाजी, हे कधीपासून? भुसावळला असतानाही असंच होतं का? कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, मला तेव्हा सगळा माणूसच खोटा दिसत होता.

दाजींनी पुकारलं नाही. त्यांनी नॉच मागे घेतले, एकेक करून शून्यावर आणले. ब्रेकची दांडी ओढली. गाडी खांबाच्या वीतभर अलीकडे उभी राहिली.

"हिरवा आहे, दाजी," मी पुन्हा म्हणालो.

ते सिग्नलकडे टक लावून पाहत होते. मिनिट झालं, डबा कोकलला. त्यांनी बटण दाबलं, पण दांड्याला हात लावला नाही. दुसऱ्यांदा कोकलला. पुन्हा बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही.

"मला दिसत नाही," शेवटी ते म्हणाले. "तू म्हणतोस हिरवा. असेल. पण मला दिसला नाही तर मी हलवत नाही."

अक्का आत आली. "कवयपासून?" तिने विचारलं. मी तोच प्रश्न खोचून विचारणार होतो. तिने तो नुसता विचारला.

"दोन महिने," दाजी म्हणाले. "आकाशवाणी चौकात थांबलो होतो. सिग्नलवरचा लाल आणि हिरवा मला सारखेच दिसले. तू मागे बसली होतीस. घरी आलो आणि स्कूटर झाकून टाकली. दिव्यांच्या गाठी अंदाजाने मारत गेलो, त्याच चुकल्या. डॉक्टर म्हणतो डोळ्यामागची नस सुकतेय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुणाला सांगणार? सांगितलं की पहिला माणूस विचारणार, भुसावळलाही असंच चालवलंस का? चौतीस वर्षं एका प्रश्नात पाण्यात. तूच विचारणार होतास ना?"

मी खाली पाहिलं. बिनतिकिटाचे प्रवासी असेच बुटांकडे पाहतात.

ज्या माणसाने शंका आली त्याच दिवशी स्कूटर झाकली, जो फळीवरची खेळण्याएवढी गाडीसुद्धा दुसऱ्याच्या शब्दावर पुढे नेत नाही, त्याला मी मालगाडीसकट आरोपी केलं होतं.

"दाजी," मी म्हणालो, "लाल होता. मी खोटं पुकारलं."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "रेल्वेत असतास तर तुला त्याच स्टेशनवर उतरवला असता."

अक्काची मात्र त्यांनी माफी मागितली. शब्दांत नाही, दिव्यांच्या सगळ्या पुड्या खणातून काढून तिच्या पदरात ओतल्या.

दुपारी आम्ही तिघं नाशिकचा डबा दुरुस्त करायला बसलो. मी एकेक दिवा बॅटरीला लावायचो, पेटला की हात करून पुकारायचो, "लाल!" दाजी डब्यात बोट घालून थांबायचे. अक्का माझ्या हातातल्या दिव्याकडे नीट बघायची आणि म्हणायची, "लाल शे." तेव्हा कुठे ते म्हणायचे, "लाल," आणि दिवा बसवायचे.

आता महिन्यातून दोनदा मी धुळ्याहून जातो. तीस-पस्तीस डबे झाले, एकही परत आला नाही. पण अजूनही मी एकट्याने पुकारलेला दिवा दाजी बसवत नाहीत. अक्का चुलीपाशी असली तर ती येईपर्यंत हातातलं काम थांबवून बसतात. माझं तिकीट तपासायचा त्यांना हक्क आहे.